पिलाचे दुधाचे दात

मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते. लोहा तालुक्यातील हे गाव एरव्ही चार गावांसारखेच. परंतु यात्रेच्या दिवसांत तेथे घोडे, गाढवे, उंट यांचा जो बाजार फुलतो त्याची कीर्ती परराज्यांतही पोचलेली आहे. नांदेडच्या जिल्हा परिषदेतर्फे तेथे अश्व व कुक्कुट यांच्याबरोबर श्वानांचेही प्रदर्शन भरविण्यात येते. उंच पायांची, चिंचोळ्या तोंडाची, वाऱ्याशी शर्यत लावणारी कारवानी कुत्री आणि त्यांचीच केसाळ भावंडे अशी पश्मी कुत्री ही आमच्या मराठवाड्याची मिरासच होय. लातूर जिल्ह्यातील जानवळ गावाचे नाव तर या जातीच्या जोपासनेसाठी श्वानप्रेमी मंडळींत नेहमी निघते. यात्रेहून परतताना मुलांच्या हट्टापुढे वडील मंडळींचे चालत नाही आणि शालीत गुंडाळलेले एखादे पिलू आमच्या नायगावात उतरते.

पौष महिना कौतुकात जातो. माघ सरता सरता घरातील मनगटांवर व पोटऱ्यांवर ओरखडे दिसू लागतात. फाल्गुनात कोणाच्या तरी हातातून रक्त निघते, आणि ‘कुत्रे चावरे निघाले’ असा निकाल होऊन पिलाची रवानगी मागल्या अंगणातल्या खुंटावर होते. क्वचित् बाजाराच्या गर्दीत त्यास सोडूनही देण्यात येते. आरोपी चार महिन्यांचा, त्यास बोलता येत नाही, आणि फिर्यादी व न्यायाधीश एकच, असा हा खटला असतो. या निकालाविरुद्ध अपील करावे, एवढ्याचसाठी हा लेख आहे. पिलाने चावणे हा त्याचा स्वभावदोष नसून वयोधर्म आहे. आणि ते चावणे सोडील की नाही, ही गोष्ट पिलापेक्षा घरातील हातांच्या एकमतावर अधिक अवलंबून असते, असे आमचे मत आहे.

प्रथम दातांचाच विचार करू. मनुष्याच्या मुलास दुधाचे दात २०, कुत्र्याच्या पिलास २८. जन्मतः ते बोळके असते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दात फुटू लागतात आणि दोन महिन्यांचे होईतो १२ पटाशीचे दात, ४ सुळे व १२ उपदाढा अशी मालिका पुरी होते. चौथ्या महिन्याच्या आसपास पटाशीचे दात पडावयास लागतात. मागोमाग सुळे व उपदाढा बदलतात. अगदी मागच्या दाढा तेवढ्या दुधाच्या नसतातच, त्या एकदम कायमच्या म्हणून उगवतात. सातवा महिना सरतो तेव्हा तोंडात ४२ दात असतात. माळेगावाहून आणलेल्या पिलाच्या बाबतीत हा हिरड्या शिवशिवण्याचा काळ नेमका चैत्र-वैशाखात, म्हणजे नायगावचे ऊन माळवदे तापवीत असते आणि शाळांना सुट्ट्या लागून घरभर मुले धावत असतात त्याच वेळी येतो. चार महिन्यांच्या जिवावर याहून अधिक संकटे एकदम कोसळणे कठीण.

संस्कृतात दातास ‘द्विज’ म्हणतात, कारण तो दोनदा जन्मतो. पक्षी प्रथम अंड्याच्या व मग पिलाच्या रूपाने जन्मतो म्हणून द्विज. आणि मुंज झालेला बटूही द्विजच. तिघांतील अधिक उपद्रवी कोण हे ज्याने त्याने आपल्या घरावरून ठरवावे. परंतु या शब्दात एक मार्मिक गोष्ट दडलेली आहे. संस्कारांचा काळ हा दोन जन्मांच्या मधला काळ होय. दुधाचे दात सुईसारखे तीक्ष्ण असतात, पण त्यांच्यामागे असलेल्या जबड्यात जोर नसतो. त्यामुळे पिलाचा चावा झोंबतो फार, इजा करतो थोडी. आपल्या दातांनी दुसऱ्यास किती दुखते, याचा धडा गिरविण्यास निसर्गाने दिलेली ही पाटीच म्हणावयाची. पुढे कायमचे सुळे आले व जबड्यात बळ भरले म्हणजे त्याच चुकीची किंमत टाके घालून मोजावी लागते. धडा त्यापूर्वी पुरा झाला पाहिजे.

हा धडा पिलास पहिल्याने कोण देते? त्याची आई व भावंडे. चार पिले एकमेकांच्या अंगावर लोळत असतात. एकाने दुसऱ्याचा कान जरा जोराने धरला की दुसरे कुईं करून खेळ सोडून बाजूला होते. खेळ थांबला, हीच शिक्षा. दूध पिताना दात लागले तर आई उठून चालू लागते. निदान आठ आठवडे पिलाने आईपाशी राहावे असे जाणकार सांगतात, ते केवळ दुधासाठी नव्हे. परंतु बाजारातले पिलू पुष्कळदा त्याआधीच आईपासून तुटलेले असते. भावंडांकडे अर्धवट राहिलेला अभ्यास मग आपल्या घरी पुरा करून घ्यावा लागतो.

कारवानी रक्ताच्या पिलाविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही जात वासाने माग काढणाऱ्यांपैकी नव्हे, दृष्टीने शिकार करणाऱ्यांपैकी आहे. माळरानावर पळणारा ससा दिसला की तिचे पाय आपोआप उचलतात. अशा पिलाच्या तोंडासमोरून हात झटकन मागे घेणे म्हणजे त्यास आमंत्रण देणे होय. हात पळाला की तो हात राहिला नाही, ससा झाला! लहान मुले किंचाळत धावतात आणि पिलू त्यांच्याच टाचा धरते, पण खाटेवर स्वस्थ पडलेल्या आजोबांकडे ढुंकूनही पाहत नाही, याचे कारण आजोबांविषयीचा आदर नव्हे.

गेल्या दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी असेच एक पिलू आले. घरात लहानमोठी चौदा माणसे. यात्रेची आठवण म्हणून मुलांनी त्याचे नाव खंड्या ठेवले. देवाचे नाव कुत्र्यास नको, म्हणून आमच्या थोरल्या वहिनी त्यास मोत्या म्हणू लागल्या. चावण्यावरील उपायांचीही हीच गत. धाकटे बंधू म्हणाले, “दादा, नाकावर एक टिचकी मारली की पुन्हा दात लावणार नाही.” सूनबाईंचे मत, त्याच्याकडे लक्षच देऊ नये. पुतण्या पिलाचे तोंड मुठीत दाबून धरी. मुले एका हाताने त्यास चिडवीत व दुसऱ्या हाताने पोळीचा तुकडा देत. एकजण ‘नको’ म्हणे, दुसरा ‘हाड’, तिसरा ‘गप’; आणि सर्वांत धाकटे चिरंजीव तर पिलाने धोतराचा सोगा धरला की टाळ्या पिटून ‘छू, छू’ करीत. ‘छू’ म्हणजे अंगावर सोडणे, हे त्यांस ठाऊक नव्हते. पिलास मात्र टाळ्यांवरून बरोबर कळत असावे.

टिचकीच्या पंथाची मंडळी घरोघर आहेत, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. तोंडावर येणारा हात एकदा कुरवाळतो व एकदा मारतो असे झाले म्हणजे पिलू हातालाच भिऊ लागते. भ्यालेले कुत्रे दोनच गोष्टी जाणते: पळणे, आणि पळावयास वाट नसेल तर चावणे. खेळातले चावणे मोडावयास गेलेला मनुष्य अशा रीतीने भीतीतले चावणे पेरून येतो, आणि हे दुसरे पहिल्याहून शतपट वाईट. तोंड दाबून धरणे, घशात बोट घालणे, मानेला धरून उचलणे हे सारे त्याच मासल्याचे उपाय होत. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने शाळेतील छडी बंद झाली तेव्हा आमच्या व्यवसायबंधूंपैकी पुष्कळांनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या. आता शिस्त राहिली नाही, असे ते म्हणत. पण छडीने मूल कधी गणित शिकले असेल तर ते छडीमुळे नव्हे, छडी असूनही, हे वर्गात आयुष्य काढलेला प्रामाणिक मनुष्य नाकारणार नाही.

महाभारताच्या आदिपर्वात आरंभीच याविषयीची एक कथा आहे, ती आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. जनमेजय राजा आपल्या तीन भावांसह कुरुक्षेत्रावर दीर्घसत्र करीत बसला असता तेथे सरमेचे पिलू आले. श्रुतसेन, उग्रसेन व भीमसेन या राजबंधूंनी त्यास बडविले. ते रडत आईकडे गेले. आईने विचारले, तुझा काही अपराध झाला असेल. ते म्हणाले, मी हविर्द्रव्याकडे पाहिलेदेखील नाही, चाटणे तर दूरच. तेव्हा ती देवांची कुत्री थेट यज्ञमंडपात गेली आणि माझ्या निरपराध पिलास का मारलेत, असा जाब तिने विचारला. राजपुत्रांजवळ उत्तर नव्हते. न दिसणारे भय तुमच्यावर येईल, असा शाप देऊन ती निघून गेली आणि राजास ती पापकृत्या शमविण्याकरिता पुरोहित शोधीत हिंडावे लागले. एवढ्या प्रचंड ग्रंथाच्या उंबरठ्यावरच व्यासांनी हे मार खाल्लेले पिलू उभे केले आहे. ग्रंथ संपता संपता महाप्रस्थानात धर्मराजाच्या मागे पुन्हा एक श्वान चालतो, ते सर्वांसच ठाऊक आहे; आरंभीच्या या पिलाची आठवण मात्र फार थोड्यांस असते.

आता आमच्या घरी पिलाचा पहिला खरा गुरू कोण ठरला ते सांगितले तर वाचकांस नवल वाटेल. थोरल्या वहिनी पहाटे सोवळ्याने फुले काढावयास अंगणात जात. पिलू धावत येऊन नऊवारीचा काठ धरी. वहिनींना त्यास हात लावता येईना. पळावे तर पायात पिलू. ओरडावे तर घर निजलेले. तेव्हा त्या परडी हातात धरून जागच्या जागी खांबासारख्या उभ्या राहत, पिलाकडे पाहत नसत, बोलत नसत. पिलू चार झटके देई, वर पाही, पुन्हा एक झटका देई, आणि काहीच घडत नाही असे पाहून काठ सोडून देई. मग त्या शांतपणे पुढे जात. आठ-दहा दिवसांत त्याने वहिनींचा काठ धरणे सोडले. आम्हां बाकीच्या तेरा जणांस मात्र ते पूर्ववत् चावत होते. ज्यांनी त्यास कधी स्पर्शही केला नाही त्यांचेच ते ऐके. प्रतिष्ठा दुखावणारी गोष्ट खरी. पण तीतूनच आम्हांस मार्ग दिसला. वहिनींनी नकळत तेच केले होते जे भावंडे करतात: दात लागला की खेळ बंद. न राग, न धावपळ, न मार.

त्या दिवशी रात्री पाने उठल्यावर सर्वांची बैठक झाली. नाव एकच, मोत्या. खंडोबाची क्षमा मागून मुलांनी ते मान्य केले. शब्दही एकच ठरला, ‘पुरे’. नैयायिक सांगतात की शब्दास अर्थ संकेताने येतो. चौदा जणांनी चौदा शब्द वापरले तर संकेत जमावा कसा? शब्द कोणता हे महत्त्वाचे नाही. तो सर्वांच्या तोंडी एक असावा, हलक्या आवाजात उच्चारलेला असावा, आणि त्यापाठोपाठ दर वेळी एकच गोष्ट घडावी.

ती गोष्ट अशी. खेळताना दात कातडीस जोराने लागला की हात ढिला व स्थिर करावा, झटकू नये. ‘पुरे’ म्हणावे आणि तोंड फिरवावे. पिलू पुन्हा झोंबू लागले तर उठून उंबरठ्यापलीकडे जावे किंवा मध्ये खोलीचे कवाड लावून घ्यावे. हा अबोला पंधरा-वीस सेकंदांचाच असावा; अर्धा तास कोंडून ठेवले तर आपण कशाबद्दल कोंडलो हे पिलू विसरून जाते. परत आल्यावर त्याच्यापुढे हात न करता चावावयाची वस्तू धरावी आणि ती त्याने धरली की कौतुक करावे. काही पुस्तकांत माणसानेही पिलासारखे कुईं करावे असे सांगितलेले असते. काही पिलांस ते लागू पडते, परंतु आमचे मोत्या त्या आवाजाने अधिकच चेकाळे. तेव्हा ज्याने त्याने आपल्या पिलाचा स्वभाव पाहावा.

इंग्लंडात पशुवैद्यक शिकून अमेरिकेत गेलेले इयन डनबार यांनी १९८० च्या दशकात पिलांच्या शिक्षणाचे वर्ग चालविले. त्यांच्या पद्धतीतील एक पायरी आम्हांस फार शहाणपणाची वाटली. पहिल्या दिवसापासून दात लावणे अजिबात बंद करू नये. प्रथम जोराचा चावा बंद करावा, मग मध्यम, मग हलका, आणि शेवटी कातडीस दात लागणेच बंद करावे. यात लाभ असा, की पुढे मोठेपणी कधी शेपटीवर पाय पडून त्याने तोंड मारलेच तरी जबडा आवरता घेण्याची सवय अंगी मुरलेली राहते. शुद्धलेखनाच्या वहीत पहिल्याच पानावर शंभर लाल रेघा ओढणारा मास्तर मुलास लिहिण्याचाच कंटाळा आणतो. तसेच हे आहे. मात्र घरात रांगते मूल किंवा पातळ कातडीची वृद्ध माणसे असतील तेथे त्यांच्या वाट्यास ही पायरी देऊ नये. तो अभ्यास मोठ्यांच्या हातांवर व्हावा आणि तान्ह्या मुलास व पिलास क्षणभरही एकटे सोडू नये.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी चावणे कमी होण्याऐवजी वाढते. येथेच बहुतेक घरांचा धीर सुटतो. आजवर ज्या युक्तीने खेळ मिळत असे ती चालेनाशी झाली म्हणून पिलू तीच युक्ती दुप्पट जोराने करून पाहते. हा उपाय लागू पडत असल्याचाच पुरावा होय. आमच्या घरी दोन आठवड्यांत जोर ओसरला. पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून भाचरे आली, त्यांनी ओसरीवर पिलाशी हातांची कुस्ती मांडली, आणि चार दिवसांत सारे मुसळ केरात जाण्याची वेळ आली. पाहुण्यांस चहाच्या आधी ‘पुरे’चा नियम सांगण्याची प्रथा त्या दिवसापासून आमच्याकडे पडली आहे. कित्येक पाहुण्यांस हे चमत्कारिक वाटते.

चावावयास काय द्यावे? गार वस्तूने हिरड्यांस आराम पडतो. जुन्या धोतराचे जाड फडके माठातील पाण्यात भिजवून, पिळून, दोन गाठी मारून द्यावे. घरात फ्रीज असेल तर थोडा वेळ त्यात ठेवून द्यावे. धागे निघू लागले की ते टाकून दुसरे घ्यावे, कारण गिळलेला धागा आतड्यात अडकतो. म्हणूनच सुंभाची दोरी देऊ नये. मोठे गार गाजर आपल्या देखत चघळू द्यावे. रबराची वस्तू घ्यावयाची तर नखाने दाबली असता किंचित दबेल इतकी मऊ आणि तोंडात संपूर्ण मावणार नाही इतकी मोठी पाहावी. नारळाची करवंटी, उसाचे कांडे, बाभळीचे लाकूड यांची कुसळे व तुकडे निघतात, ती नकोत. शिजवलेल्या हाडांचेही तेच. जुनी वहाण तर मुळीच देऊ नये. जुनी कोणती व नवी कोणती हे चांभारास कळते, कुत्र्यास नाही. आणि मुलांच्या हातून जे प्रेमाने दिले जाते त्यावर डोळा असावा: द्राक्षे व बेदाणे, कांदा, चॉकलेट हे पदार्थ कुत्र्यास विषासमान आहेत. पंचखाद्यातले बेदाणे प्रसाद म्हणून पिलापुढे टाकण्याची चाल आम्ही स्वतः पाहिली आहे.

दिवेलागणीच्या सुमारास पिलू अकस्मात् पिसाटल्यासारखे घरभर धावते व दिसेल त्यास धरते. त्यास बाधा झाली असे कोणी समजू नये. पुष्कळदा ते केवळ झोपेस आलेले असते. या वयात पिलास दिवसाचे अठरा-वीस तास झोप लागते, आणि एकत्र कुटुंबात त्यास ती कोणी घेऊ देत नाही. एक निजते तो दुसरे उठविते. ओसरीच्या कोपऱ्यात पोते अंथरून ती त्याची जागा ठरवावी आणि तेथे निजलेल्या पिलास कोणी हात लावू नये, एवढा नियम केला तरी निम्मे चावणे कमी होते. हा नियम मुलांपेक्षा आजोबांस पाळणे जड जाते.

खुंटावर बांधण्याविषयी आता सांगतो. मागल्या अंगणात बांधले की चावे थांबतात हे खरे, कारण चावावयास कोणी जवळ नसते. परंतु हीच वेळ माणसांशी ओळख होण्याची असते. अमेरिकेत बार हार्बर येथील प्रयोगशाळेतील फ्रीडमन, किंग व एलियट या संशोधकांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत पाहण्यासारखा आहे. कुंपण घातलेल्या मैदानात वाढविलेली पिले त्यांनी निरनिराळ्या वयांत माणसांच्या सहवासात आणली. ज्यांस पाचव्या ते नवव्या आठवड्यांच्या दरम्यान हा सहवास मिळाला ती सहज माणसाळली. ज्यांस चौदा आठवड्यांपर्यंत माणूस भेटलाच नाही ती पुढे रानटी जनावरासारखी भित्री राहिली. खुंटावर वाढलेले पिलू इतके एकाकी नसते, हे मान्य. तरी ज्याला न चावता खेळावे कसे हे कोणी शिकविले नाही आणि ज्याला घरातली मुलेही परकी झाली, असे ४२ दातांचे कारवानी कुत्रे दोर तुटल्यावर काय करील, याचा विचार बांधणाऱ्याने बांधतानाच करावा. आमच्या वैश्वदेवात श्याम व शबल या श्वानांच्या नावे बली काढीत आले आहेत. खंडोबा ज्यांचे कुलदैवत त्या घरी चंपाषष्ठीस कुत्र्यास घास घालतात. घास घालून दूर ठेवणे आपणांस परंपरेने येते. जवळ घेऊन शिकविणे हे नवे काम आहे, ते शिकले पाहिजे.

एक गोष्ट मात्र कौतुकाच्या भरात कोणी विसरू नये. पिलाचा दात रक्त काढील तेव्हा ‘लहानच आहे, दुधाचा दात आहे’ असे म्हणून सोडून देऊ नये. अलर्क रोग वय पाहत नाही. बाजारातून आणलेल्या पिलाची आई कोण, तिला लस टोचली होती की नाही, हे घेणाऱ्यास माहीत नसते. रोगाची लक्षणे उमटल्यावर त्यावर अद्यापि खात्रीचा उपाय नाही, आणि लक्षणांपूर्वी घेतलेली लस मात्र खात्रीने वाचविते. १८८५ च्या जुलैत पाश्चर यांनी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला टोचले तेव्हापासून ही गोष्ट जगास ठाऊक आहे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल यांपैकी काही भरू नये, घट्ट पट्टी बांधू नये, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. पोटातील चौदा सुयांची जी दहशत आमच्या पिढीच्या मनात बसली आहे ती आता निराधार आहे. ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. हल्लीच्या लसीच्या थोड्या मात्रा दंडात घ्यावयाच्या असतात व त्या महिन्याभरात पुऱ्या होतात. जखम खोल असेल तर डॉक्टर जखमेभोवती आणखी एक औषध टोचतात, ते नाकारू नये. पिलासही तीन महिन्यांचे होताच अलर्काची लस आणि त्यापूर्वी इतर रोगांच्या लसी व जंतांचे औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावे. तालुक्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय दवाखाने असतात, आणि गुंतागुंतीच्या बाबतीत उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय या भागास जवळ आहे.

दात बदलताना फडक्यावर रक्ताचा ठिपका दिसला किंवा पिलाने पडलेला दात गिळला तर घाबरावयाचे कारण नाही. पाहावयाचे ते एवढेच, की नवा सुळा आला तरी जुना शेजारी तसाच उभा आहे काय. तसे असेल तर अन्न अडकून हिरडी बिघडते व नवा दात वाकडा जातो. पशुवैद्याकडून जुना काढून घ्यावा. आमच्या मोत्याचा एक दुधाचा सुळा असाच हट्टाने उभा होता. ज्येष्ठात एके दिवशी तो ओसरीच्या फरशीवर सापडला. मुलांचे दात उंदराच्या बिळात टाकतात, मग कुत्र्याचा दात कोठे टाकावा, असा प्रश्न धाकट्या चिरंजीवांनी थोरल्या वहिनींस विचारला. त्या जपाची माळ न थांबविता म्हणाल्या, “मांजराला विचार.”